एका सहलीत एकच खाडी: घरच्यांना आणि मित्रमंडळींना घेऊन केलेल्या कोकणातल्या छोट्या सहली

सुरूबन

पुण्यातली आमची दोन घरे आणि महाविद्यालयापासूनची माझी एक मैत्रीण व तिचे यजमान अशी आम्ही 9 माणसे दर वर्षी थंडीत किंवा शिमग्याच्या आगेमागे तीन दिवसांसाठी कोकणात जातो. सर्वांत लहान माझा भाचा आहे, तो 12 वर्षांचा आहे, आणि सर्वांत मोठी माझी आई, तिला 78 वे वर्ष लागले आहे. पहिल्या सहलीत आम्ही दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णे, गुहागर आणि गणपतीपुळे एवढी ठिकाणे तीन दिवसांत बसवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईने शांतपणे विचारले, "आज आपण कोणत्या गावात आहोत?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आम्हा सगळ्यांनाच त्या प्रश्नाने खजील केले. जिला समुद्र दाखवायला नेले होते, तिला आम्ही गाडीच्या खिडकीतून रस्ता दाखवला होता.

पुढच्या वर्षी दादाने नकाशा जमिनीवर पसरला आणि मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर बोट फिरवत नेले. चार ठिकाणी त्याला बोट उचलावे लागले, कारण त्या चार ठिकाणी खाडी आडवी येते आणि तिथे गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे न्यावी लागते. राजपुरी खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीच्या खाडीवर तवसाळ ते जयगड. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळत आलो आहोत: एका सहलीत एकच खाडी घ्यायची, तिचे दोन्ही काठ पाहायचे आणि दोन्ही रात्री एकाच घरी मुक्काम करायचा. या नियमाने आमच्या सहली इतक्या बदलल्या, की त्याविषयी सविस्तर लिहावे आणि इतरांचे अनुभव समजून घ्यावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

सावित्रीच्या खाडीची सहल मला सर्वांत जवळची वाटते, म्हणून तिच्याविषयीच अधिक लिहिते. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा या मार्गाने आम्ही दुपारपर्यंत श्रीवर्धनला पोहोचलो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे गाव, आणि रोठा जातीच्या सुपारीचेही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले, तेव्हा इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या अक्षरशः आडव्या झाल्या. सुपारीचे झाड उत्पन्न देऊ लागायला सहा-सात वर्षे लागतात, हे आम्हाला एका वाडीच्या मालकांनी सांगितले आणि नव्या रोपांच्या रांगा दाखवल्या. जुनी झाडे गेल्यामुळे वाडीत ऊन कुठून कुठून येऊ लागले आहे, हे ते हाताने दाखवत होते. किनाऱ्यावरच्या गावात गेल्यावर समुद्राकडे पाठ करून अशा वाडीत तासभर बसायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरेश्वर केले. तिथल्या रिवाजाप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन घेतले. डोंगरामागून समुद्राच्या कडेने जाणारी प्रदक्षिणेची वाट ओहोटी असतानाच करता येते, आणि तीही उंच पायऱ्यांची आहे. आई देवळातच बसली, मुले दादाबरोबर गेली. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी पाहून माझी भाची इतकी हरखली, की परत आल्यावर आजीला तिने वाळूत ती काढून दाखवली.

त्यानंतर बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. फेरीबोटीत गाड्या लागल्या की खाली उतरून कठड्याशी उभे राहता येते. आई खुर्चीवर बसली होती. सावित्री नदीचा उगम महाबळेश्वरचा. लग्नानंतर बाबांबरोबर आई क्षेत्र महाबळेश्वरला गेली होती, तेव्हा पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी तिने ओंजळीत घेतले होते. "ती हीच का गं?" असे तिने विचारले आणि पलीकडचा काठ येईपर्यंत ती पाण्याकडे पाहत राहिली. बोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे लागली असेल, पण आमच्या सगळ्या सहलींतला तो वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पलीकडे वेसवी, बाणकोट आणि वेळास. तिथे जिल्हाही बदलतो, रायगड संपून रत्नागिरी सुरू होतो. बाणकोटचा किल्ला म्हणजे हिम्मतगड. 1756 च्या तहानंतर तो इंग्रजांकडे राहिला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. किल्ल्यावरून खाडीचे मुख आणि सकाळी ज्याला वळसा घातला तो हरिहरेश्वरचा डोंगर समोर दिसतो. एकाच पाण्याचे दोन्ही काठ एकाच दिवशी पाहिले, म्हणजे तो प्रदेश डोक्यात नीट बसतो. वेळासला आम्ही कासवांसाठी गेलो होतो, त्याविषयी इथे अनेकांनी अनुभव घेतला असेल. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सुरक्षित ठेवण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन 2002 च्या सुमारास सुरू केले. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उघडतात, पिल्ले असतील तर समुद्राकडे सोडतात. आम्ही गेलो त्या संध्याकाळी एकही पिल्लू निघाले नाही. मुले हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे न उठवता उठली, आणि त्या दिवशी सात पिल्ले पाण्यात गेली.

राहिलेल्या तीन खाड्यांपैकी राजपुरी आणि वाशिष्ठी आम्ही केल्या आहेत, शास्त्री राहिली आहे. तुम्ही या भागात वयस्कर माणसे, मुले आणि मित्र अशा मिश्र मंडळींना घेऊन कसे फिरता, मुक्काम कुठल्या काठावर ठेवता आणि काय टाळता, ते कृपया सविस्तर लिहावे.

पाखाडी

मी मूळचा गुहागर तालुक्यातला, सध्या ठाण्यात असतो. तुमचा नियम मला पूर्णपणे पटला. त्याला एक जोड देतो. कोकणातली कोणतीही छोटी सहल आखताना तारखेच्या आधी तिथी पाहावी.

आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेला हिशेब असा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला व अमावस्येला हीच भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास येते आणि तेव्हा उधाण असते, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओहोटीला नेहमीपेक्षा दूर जाते. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस असतात, तेव्हा चढउतार कमी असतो. दर दिवशी वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब ढोबळ आहे, पाण्यात उतरायचे असेल तर छापील वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे. पण घरी बसून बेत आखण्यासाठी तो पुरेसा आहे.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला ओहोटी हवी, म्हणून भरदुपारी उधाण असलेला पौर्णिमेचा दिवस तिथे अगदी वाईट. उलट हेदवीच्या बामणघळीला भरती हवी. तिथे काळ्या खडकात एक अरुंद, खोल भेग आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली की पाणी कोंडते आणि मोठा आवाज करत उंच उडते. ओहोटीला गेलात तर तिथे नुसती भेग दिसते आणि मंडळी "हे पाहायला आलो होतो का?" असे म्हणत परत फिरतात. मी पाहुण्यांना अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास बोलावतो, सकाळी दशभुजा गणेशाचे दर्शन करतो आणि अकराच्या सुमारास घळीकडे नेतो. उभे मात्र लांब राहायचे. भरतीच्या वेळी तिथले खडक ओले आणि निसरडे असतात, आणि लाट सांगून येत नाही.

वाशिष्ठीच्या खाडीची सहल करणाऱ्यांनी दोन्ही काठ सारख्याच मनाने पाहावेत. बहुतेक जण दाभोळला फक्त बोट पकडण्यासाठी येतात. दाभोळ हे एके काळी मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात भारतातून परत निघाला तो इथूनच. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली घुमटाची मशीद आहे, आणि गावाबाहेर भुयारासारख्या गुहेत चंडिकेचे स्थान आहे, तिथे वाकून आत जावे लागते. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड आणि गुहागरचा व्याडेश्वर. आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी: कोयना धरणाचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडल्यावर वाशिष्ठीच्या खोऱ्यात येते. एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळाले असते ते पाणी दाभोळला अरबी समुद्रात जाते. बोटीत उभे राहून हे सांगितले की शाळेतला भूगोल लगेच कळतो.

चिऱ्याचे_घर

मंडणगड तालुक्यात आमचे घर आहे आणि गेली काही वर्षे आम्ही त्यातल्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. सुरूबन ताई, दोन्ही रात्री एकाच घरी राहण्याचा तुमचा नियम वाचून फार बरे वाटले, कारण आमच्या बाजूनेही तोच सोयीचा असतो.

एका रात्रीसाठी येणारे पाहुणे रात्री नऊला येतात आणि सकाळी आठला निघतात. त्यांना आम्ही जेवण देतो, पण घर दाखवू शकत नाही. दोन रात्री राहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी माझी सासू हाक मारून मागीलदारी नेते, जायफळाचे झाड दाखवते, आणि मग कोणीतरी पडवीत बसून घरच्या कामाला हात लावतो. वयस्कर पाहुण्यांचे आणि सासूबाईंचे तर इतके जमते, की त्या निघताना एकमेकींना पोह्याचे पापड आणि चिवडा बांधून देतात.

काही विनंत्या आहेत, त्या रागाने लिहीत नाही. येणाऱ्या माणसांचा नेमका आकडा आणि कोण शाकाहारी, कोण मासे खाणारे, हे आदल्या दिवशी सकाळपर्यंत कळवावे. आमच्याकडे मासळी बाजारातून त्या दिवसापुरती येते, आणि 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सोलकढी असते. हे आमचे नेहमीचे जेवण आहे, ते पाहुण्यांना हलके वाटू नये एवढीच इच्छा. पाण्याची बाबही तशीच आहे. कोकणात पाऊस भरपूर पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत तो टिकत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या बावीचा, म्हणजे विहिरीचा, तळ दिसतो. समुद्रावरून आल्यावर प्रत्येकाने अर्धा तास नळाखाली उभे राहिले, तर संध्याकाळी वाडीला शिंपायला पाणी उरत नाही.

मुक्कामपोस्ट

वयस्कर माणसांबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या घरात दोघेही ऐंशीच्या पुढचे आहेत आणि तरीही आम्ही त्यांना घेऊन दर वर्षी जातो.

आरक्षण करताना समुद्र किती जवळ आहे हे विचारण्याआधी रस्त्यापासून घरापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे विचारावे. कोकणातली बरीच सुंदर घरे उतारावर आहेत आणि त्यांच्याकडे पाखाडीने जावे लागते. ती चिऱ्याची पायवाट तरुणांना रमणीय वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती दिवसातून एकदाच चढता येते. कमोड खोलीला लागून आहे का, रात्री वीज गेली तर काय सोय आहे आणि जवळचा दवाखाना कोणत्या गावात आहे, हे तीन प्रश्नही मी नेहमी विचारतो. औषधे चार दिवसांची जास्त नेतो.

एकदा आम्ही गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या निवासात तळमजल्याच्या खोल्या ठरवल्या होत्या, पैसेही आगाऊ भरले होते. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा त्या खोल्या दुसऱ्यांना दिलेल्या होत्या आणि आम्हाला दुसऱ्या मजल्यावर जायला सांगण्यात आले. वडिलांना दोघांनी धरून वर नेले. त्या रात्री ते जेवायलाही खाली उतरले नाहीत. तेव्हापासून मी निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा दूरध्वनी करून तळमजल्याची खात्री करून घेतो. हा अनुभव लिहिण्याचा हेतू एवढाच, की इतरांच्या वडिलांवर तशी वेळ येऊ नये.

आणि ज्येष्ठांना प्रत्येक ठिकाणी उतरवण्याचा आग्रह धरू नये. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. आम्ही वाळूत उतरलो, आई-वडील वरच्या बाजूला गाडीजवळ खुर्च्या टाकून बसले. समोर सुवर्णदुर्ग, खाली नौका आणि टोपल्या घेऊन धावणारी माणसे. दोन तास ते तिथेच होते आणि उठायला तयार नव्हते. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, त्यात सुवर्णदुर्ग आहे, हे वडिलांनी आपणहून शेजारच्या एका मुलाला समजावून सांगितले.

खाडीपल्याड

मी दाभोळ परिसरातला आहे. या धाग्यातला जिव्हाळा पोहोचला, तरी एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. फेरीबोटीचा प्रवास तुमच्यासाठी सहलीचा सर्वांत सुंदर भाग आहे. आमच्यासाठी ती रोजची वाट आहे.

2003 मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, त्याआधी गाडीने गुहागरला जायचे तर चिपळूणमार्गे मोठा वळसा घालावा लागत असे. माणसे लहान होडीने जात, पण तिच्यात आजारी माणूस झोपवून नेता येत नाही. फेरीबोटीने आमचे आयुष्य बदलले, हे कृतज्ञतेने सांगतो. तरीही रात्री शेवटची बोट गेल्यावर खाडी पुन्हा पूर्वीएवढीच रुंद होते. रात्री एखाद्या बाळंतिणीला पलीकडे न्यायचे असेल तर काय करायचे, हा प्रश्न आजही आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल व्हावेत, अशी इथल्या माणसांची अनेक वर्षांची मागणी आहे. पर्यटकांपैकी काही जण "पूल झाले तर मजा जाईल" असे म्हणतात, तेव्हा मनाला लागते. या धाग्यात तसे कोणी म्हटलेले नाही, याची मला जाणीव आहे.

आणखी एक साधी गोष्ट. शनिवारी-रविवारी आणि नाताळच्या सुटीत धक्क्यावर गाड्यांची लांब रांग लागते. त्या रांगेत शिक्षक, मासळीचे टेम्पो आणि लग्नाला निघालेली माणसेही असतात. शक्य असेल तर दुपारची मधली वेळ साधावी, गाडी बोटीत घातल्यावर कामगार सांगतील तशी लावावी आणि छायाचित्रासाठी उतरणीच्या फळीवर थांबू नये.

सुरूबन

खाडीपल्याड, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. खरे सांगते, पुलाचा विचार माझ्या मनात आला होता आणि "लवकर होऊ नये" असेच मला वाटले होते. आईला बोटीत बसलेले पाहताना आलेले ते वाटणे होते, पण तुमचे लिखाण वाचल्यावर ते मागे घेते. बाणकोटच्या खाडीत अर्धवट उभे राहिलेले पुलाचे खांब आम्ही बोटीतून पाहिले होते. तेव्हा मुलांनी ते काय आहे असे विचारले आणि मी "पूल होणार आहे" एवढेच सांगितले. पुढच्या वेळी तो कोणासाठी होणार आहे, तेही सांगेन.

चिऱ्याचे घर, पाण्याची गोष्ट आमच्या कुटुंबाच्या गटात आजच कळवली आहे.

शिंपला

राजपुरी खाडीविषयी थोडक्यात. आमच्याबरोबर शाळेतली चार मुले होती. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणे हाच मुलांसाठी मोठा अनुभव ठरला. शीड फिरवून वारा कसा पकडतात, हे होडीवाल्या काकांनी त्यांना दाखवले. किल्ल्याचा दरवाजा तटाजवळ जाईपर्यंत दिसत नाही. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही आणि त्याच्यावर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला, हे दोन्ही किल्ले एकाच वेळी डोळ्यांसमोर असताना सांगितले तर मुलांना दुसरे काही सांगावे लागत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. उतरताना होडी हलते, म्हणून माझ्या सासऱ्यांना आम्ही काठावरच ठेवले. त्यांनी तोपर्यंत राजपुरी गावात चहा घेतला आणि चार ओळखी केल्या.

मुक्काम पलीकडे दिवेआगरला ठेवावा, असे सुचवते. किनारा सपाट आणि लांबलचक आहे. गावात सापडलेला शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा ताम्रपट मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. एवढ्या जुन्या मराठीच्या गावात आपण मोदक खात बसलो आहोत, ही भावना मला फार वेगळी वाटली.

एक चूक आमच्या हातून घडली, ती सांगायलाच हवी. माझ्या दिरांनी हौसेने गाडी वाळूत उतरवली. ओहोटी होती, वाळू कडक वाटत होती. तासाभरात पाणी परतले आणि चाके रुतली. गावातल्या तरुणांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली, तेव्हा पाणी दाराच्या खालच्या कडेला लागले होते. मुले रडत होती. त्यानंतर आमच्या घरात कोणीही किनाऱ्यावर गाडी नेत नाही.

जांभा

शास्त्रीची खाडी तुमची राहिली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहितो. तवसाळच्या बाजूला हेदवी, वेळणेश्वर. जयगडच्या बाजूला किल्ला, दीपगृह, कऱ्हाटेश्वर आणि पुढे कवी केशवसुतांचे मालगुंड. हे सगळे जण करतातच. माझी सूचना अशी, की तिसऱ्या दिवशी परत निघताना नदीच्या वरच्या अंगाने जावे. संगमेश्वरजवळ शास्त्री आणि सोनवी यांचा संगम आहे. कसबा संगमेश्वरात कर्णेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आहे, त्याचे छत मान वर करून पाहावे असे आहे. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते याच ठिकाणी. समुद्राजवळ किल्ल्यांच्या तोफा आणि तट पाहून आल्यावर इथे आलो, तेव्हा आमच्यापैकी कोणी फार बोलले नाही.

वेळ असेल तर उक्षीचे कातळशिल्प पाहावे. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या सपाट कातळावरच्या, जांभ्यात जवळजवळ खऱ्या आकाराचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्याभोवती आता चिऱ्यांचा गडगा आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू अशी कोकणातली कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बूट घालून चित्रावर चढू नये आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने किंवा पाण्याने त्या रंगवू नयेत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सूर्य खाली असताना, रेषांत सावली भरते आणि चित्र आपोआप दिसते. सड्यावर सावली मुळीच नसते, त्यामुळे दुपार टाळावी.

ओंजळ

अतिशय उपयुक्त धागा. आम्ही सात जण फाल्गुन वद्य षष्ठी आणि सप्तमीला सावित्रीच्या खाडीची सहल ठरवत आहोत. सोबत 70 वर्षांच्या मावशी आणि दोन मुली आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, बोट आणि वेळास असा क्रम बसेल का? सासू-सासऱ्यांना पालखी पाहण्याचीही इच्छा आहे, पण शिमगा तोपर्यंत संपलेला असेल, असे वाटते.

पाखाडी

षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती आणि पावणेअकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेनऊला दर्शन उरकून प्रदक्षिणेला निघावे, पाणी मागे हटत असतानाच वाट धरावी आणि साडेअकरापर्यंत वर यावे. मावशींना देवळात बसू द्यावे. दुपारी बागमांडल्याला बोट आणि संध्याकाळच्या टोपल्या उघडण्याआधी वेळास, असा क्रम नीट बसतो. सप्तमीला ओहोटी आणखी पाऊण तासाने पुढे जाईल, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कासवांच्या वेळी पाणी बरेच वर असेल. पिल्लांना चालायला अंतर कमी पडेल, पण मुलींना दोरीच्या बाहेर उभे राहून ती जवळून दिसतील.

चिऱ्याचे_घर

शिमगा संपलेला नसतो. आमच्याकडे होळी पेटल्यावर देवाची पालखी घरोघरी फिरते आणि अनेक गावांत ते आठ-पंधरा दिवस चालते. कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत पालखी येणार, हे मानकरी ठरवतात, म्हणून आधी वचन देता येत नाही. षष्ठीला आमच्या वाडीत आली, तर त्या रात्री जेवायला दहा वाजतील, कारण पालखी अंगणातून हलल्याशिवाय चूल पेटत नाही. मावशींना संध्याकाळी सातला घावन आणि चहा देईन. पालखी अंगणात नाचवतात तेव्हा पाहुण्यांनी पायातले काढून ओटीवर उभे राहावे. सासू-सासऱ्यांना ओटी भरायची असेल तर नारळ आमच्याच वाडीतला देऊ, विकत आणू नये.